मन चिंती ते वैरी न चिंती: भीती, अफवा आणि आपला विवेक

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातून घडवली. वैऱ्यालाही सुचणार नाहीत अशी संकटे घाबरलेले मन स्वतःच उभी करते, असा तिचा आशय. मन असे का करते याचा शास्त्रीय पद्धतीने शोध घेण्याचे काम सामाजिक मानसशास्त्र ही ज्ञानशाखा करीत आली आहे. माणसाचे व्यक्तिमत्त्व, त्याच्या भावना आणि त्याचे बोधन, म्हणजे जाणून घेण्याची व अर्थ लावण्याची प्रक्रिया, या तिन्हींचा समाजात वावरताना एकमेकांवर कसा परिणाम होतो, हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय आहे.

विषय पुस्तकी वाटला तरी त्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तरी या संशोधनाचे मर्म ध्यानात येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या प्रदेशाने एका बाजूला महापूर आणि दरडी सोसल्या आहेत, तर दुसऱ्या बाजूला मानवी हक्कांच्या इतिहासातील एक मोठा लढा पाहिला आहे. दोन्ही ठिकाणी भीती आहे, राग आहे, अफवा आहे आणि माणसाच्या विवेकाची परीक्षाही आहे.

आपण सहसा असे मानतो की, आधी अफवा येते आणि मग माणसे घाबरतात किंवा चिडतात. संशोधन मात्र सांगते की, अनेकदा हा क्रम उलटा असतो. भीती किंवा द्वेष मनात आधीच असतो. त्याला साजेसे कारण मन मागाहून शोधते, आणि अफवेच्या रूपाने ते कारण आयते हाती येते. हे एकदा उमगले म्हणजे अफवेकडे आणि स्वतःकडेही पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

महाड, २० मार्च १९२७

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. ज्या तळ्यावर अन्य धर्मीयांना आणि गुराढोरांनाही मज्जाव नव्हता, तेथे अस्पृश्यांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले.

त्यानंतर काही वेळातच शहरात एक कंडी पिकली: हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत. परिषदेच्या कार्यक्रमात मंदिरप्रवेशाचा विषयच नव्हता. तरीही लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला आणि जेवणाच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना शांत राहण्यास सांगितले आणि संख्याबळ असूनही त्यांनी प्रतिहल्ला केला नाही. पुढे सनातन्यांनी दही, दूध, गोमूत्र व शेण यांचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. बहिष्काराची प्राचीन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नव्हती.

मंदिरप्रवेशाची बातमी खरी की खोटी, हे विचारण्यास त्या दिवशी जमावाला कोणी अडवले नव्हते. मग कोणी विचारले का नाही? अफवेने राग निर्माण केला असे म्हणणे अपुरे आहे. तळ्याच्या पाण्याला झालेल्या स्पर्शाचा राग आधीच धगधगत होता. पण ‘माणसांनी पाणी प्यायले’ हे मारहाणीचे कारण म्हणून स्वतःच्या मनालाही पुरेसे वाटणारे नव्हते. ‘ते देवळात घुसणार आहेत’ हे कारण मात्र पुरेसे वाटले. अफवेने रागाला प्रतिष्ठा दिली आणि हाताला मोकळीक दिली. हा अन्वय मानसशास्त्रातील ज्या विचाराने सुचतो, त्याचे मूळ योगायोगाने भारतातील एका भूकंपाच्या अभ्यासात आहे.

दोन आपत्ती, दोन भारतीय अभ्यासक

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळमध्ये विनाशकारी भूकंप झाला. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने भूकंपानंतर लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि त्यांचा अभ्यास १९३५ साली ब्रिटनमधील मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना धक्का जाणवला, पण ज्यांच्या परिसरात पडझड झाली नव्हती, अशा लोकांमधील या अफवा होत्या. पाटण्यावर प्रचंड वादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशी त्यांतील काही भाकिते होती. येथे एक कोडे पडते. भीती ही दुःखदायक भावना आहे. मग धोका टळल्यावर माणसे स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? मनाला दिलासा देणाऱ्या गोष्टी त्यांनी का पसरवू नयेत?

दुर्गानंद सिन्हा या दुसऱ्या भारतीय अभ्यासकाने १९५० सालच्या दार्जिलिंगमधील भीषण दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास केला. तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे लोक प्रत्यक्ष विध्वंसाच्या मध्यभागी होते. घरे गेली होती, माणसे गेली होती. आश्चर्य असे की, तेथे याहून मोठे अरिष्ट येणार अशी भाकिते जवळपास आढळली नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी या दोन अभ्यासांची सांगड घातली. दार्जिलिंगच्या माणसाला भीती वाटत होती आणि भीतीचे कारण त्याच्या डोळ्यांसमोर होते. बिहारमधील पडझडीच्या पट्ट्याबाहेरील माणसाला भीती वाटत होती, पण आजूबाजूला सारे जागच्या जागी होते. ‘मी घाबरलो आहे’ आणि ‘घाबरण्यासारखे काही दिसत नाही’ या दोन जाणिवा एकमेकींशी जुळत नाहीत. ही विसंगती मनाला टोचते. भीती तर आज्ञा करून जात नाही; तेव्हा तिला शोभेल असे संकट मन कल्पनेने उभे करते. म्हणजे त्या अफवा भीती निर्माण करीत नव्हत्या, आधीच असलेल्या भीतीचे समर्थन करीत होत्या. ‘बोधात्मक विसंगती’चा हा सिद्धांत फेस्टिंगर यांनी १९५७ साली ग्रंथरूपाने मांडला आणि जमुना प्रसाद यांच्या नोंदींवरून आपल्याला पहिली कल्पना सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले. सामाजिक मानसशास्त्रातील एका अत्यंत प्रभावी सिद्धांताला असा भारतीय मातीचा आधार आहे. अर्थात दोन आपत्तींच्या तुलनेवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. परंतु या विचाराने पुढील अनेक दशकांच्या संशोधनाला चालना दिली.

भावना, बुद्धी आणि ‘ध’ चा ‘मा’

भावना बुद्धीवर कशी मात करते, याचा एक साधा प्रयोग पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले, तर तो रस पिण्यास लोक कचरतात. झुरळ निर्जंतुक आहे, अपाय होणार नाही, हे त्यांना सांगितलेले असते. तरीही मन मागे हटते. ‘एकदा स्पर्श झाला की कायमचा विटाळ’ ही भावना अशी खोलवर असते. झुरळाच्या बाबतीत ती निरुपद्रवी आहे. पण समाज जेव्हा हीच किळस माणसांच्या स्पर्शाला चिकटवतो, तेव्हा तळ्यात १०८ घडे ओतले जातात. किळस निसर्गाने दिली असेल. ती कोणाविषयी बाळगायची हे मात्र माणसांनी शिकवलेले असते, आणि जे शिकवता येते ते मोडताही येते.

अफवा पसरताना कशी बदलते, हे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवले. विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोमदार, असे त्यांचे सूत्र आहे. या दोहोंपैकी एक जरी शून्य झाले तरी अफवा तग धरीत नाही. कानोकानी जाताना बातमीतील तपशील गळतात, उरलेले ठळक होतात आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाच्या साच्यात ते बसवले जातात. मराठी माणसाला हे सांगण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार पेशवाईपासून आपल्या जिभेवर आहे. फरक इतकाच की, तेथे अक्षर हेतुपुरस्सर बदलल्याचे सांगितले जाते; अफवेत ते प्रत्येक जण नकळत थोडेथोडे बदलतो आणि प्रत्येकाला आपण जसेच्या तसे सांगितले असे वाटते.

दोष स्वभावाचा की रूढीचा?

काही माणसे स्वभावतःच अफवांना आणि द्वेषाला लवकर बळी पडतात का? दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहारानंतर हा प्रश्न तीव्रतेने विचारला गेला. थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी १९५० साली ‘हुकूमशाही वृत्तीचे व्यक्तिमत्त्व’ ही संकल्पना मांडली. अधिकारापुढे नमणारे, दुर्बलांवर कठोर असणारे आणि जगाची विभागणी केवळ काळ्या-पांढऱ्यात करणारे मन पूर्वग्रहाला सुपीक असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. थॉमस पेटिग्र्यू यांनी १९५८ साली दक्षिण आफ्रिका व अमेरिकेचा दक्षिण भाग यांच्या अभ्यासातून दाखवले की, तेथील तीव्र वर्णद्वेषाचा उलगडा केवळ व्यक्तिमत्त्वावरून होत नाही. तेथील माणसे इतरांहून वेगळ्या घडणीची नव्हती. तेथील रूढी वेगळ्या होत्या.

महाडचा इतिहास या निष्कर्षाशी जुळतो. लाठ्या घेऊन धावलेले सारे जन्मतः क्रूर होते असे मानण्याचे कारण नाही. ते रूढीच्या बळावर धावले. आणि त्याच शहरात, त्याच रूढीत वाढलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे रूढी प्रबळ असते, पण ती अटळ नसते. माणसाला निवड करता येते. ख्रिस्ती श्रद्धा ज्याला सदसद्विवेकबुद्धी म्हणते, तिचे स्थान नेमके येथे आहे.

येथे इतरांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. भारतीय कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना, ख्रिस्तसभेच्या अंतर्गतही जातिभेद व अस्पृश्यता पाळली गेल्याचे मान्य केले आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ज्यांना एक केले, त्यांच्यातही मनातले पाणवठे वेगळे राहू शकतात.

आपद्ग्रस्तालाच दोष

घाबरलेले मन जसे संकट शोधते, तसे ते गुन्हेगारही शोधते; आणि अनेकदा जो संकटात सापडला त्यालाच गुन्हेगार ठरवते. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे दाखवले. प्रत्यक्षात तो अभिनय होता. तिची यातना थांबवणे ज्यांच्या हाती नव्हते, त्यांनी तिच्याविषयी अधिक वाईट मत दिले. जग न्याय्य आहे, चांगल्याचे चांगलेच होते, हा विश्वास टिकवण्यासाठी मन असे करते. ज्या अर्थी तिच्यावर ही वेळ आली, त्या अर्थी तिचेच काही चुकले असणार, असे म्हटले की आपण सुरक्षित आहोत असे वाटते.

थोरांचाही या विषयावर वाद झाला आहे. बिहारचा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेली शिक्षा होय, असे महात्मा गांधींनी १९३४ साली म्हटले. अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींच्या सोबत असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. नैसर्गिक घटनांची कारणे नैसर्गिकच असतात. त्यांना नैतिक शिक्षा ठरवणे अविवेकाला बळ देते, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रभू येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून दडपलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभूने त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. जन्मांध माणसाविषयीही, पाप कोणाचे, या शिष्यांच्या प्रश्नाला त्याने असेच बाजूला सारले. महाड शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून माणसे दगावली, तेव्हा शिलोहाचा बुरूज आठवल्याखेरीज राहत नाही. बांधकाम कोणी केले, तपासणी कोणी केली, हे विचारणे न्यायाचे आहे. जे दगावले त्यांचे काय चुकले, हे विचारणे न्यायाचे नाही.

दरड, पूर आणि मोबाईल

२००५ सालच्या जुलैमधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी बसगाड्याही. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुराखाली गेले. रस्ते बंद, वीज नाही, मोबाईलचे जाळे ठप्प, अशा स्थितीत तळियेची वार्ता बाहेर पोहोचण्यास आणि मदत आत जाण्यास विलंब झाला.

ऑलपोर्ट यांचे सूत्र अशा रात्रीला तंतोतंत लागू पडते: विषय जीवनमरणाचा आणि माहिती शून्य. फेस्टिंगर यांच्या विचाराने पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. जेथे दरड कोसळली तेथे माणसे हातांनी चिखल उपसत असतात. भयानक भाकितांचा जोर तेथे कमी, आणि जेथे पाऊस ऐकू येतो पण नुकसान दिसत नाही अशा आसपासच्या गावांत, तसेच मुंबई-पुण्यात बसलेल्या चाकरमान्यांच्या मनात अधिक असण्याची शक्यता असते. ‘धरण फुटले’ हा निरोप पुढे पाठवणारा माणूस खोटारडा असतोच असे नाही. बहुधा तो घाबरलेला असतो आणि आपल्या भीतीला सोबत शोधत असतो.

पण भीतीपोटी पाठवलेला निरोप जीव घेऊ शकतो. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. टाळेबंदीच्या काळात, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. यंत्रावर बंधन घालता येते. मनावरचे बंधन मात्र ज्याचे त्यानेच घालायचे असते.

आपण काय करावे?

प्रथम, निरोप वाचताच तो खरा आहे का हे विचारण्यापूर्वी, तो खरा असावा असे मला का वाटते आहे, हे स्वतःला विचारावे. ज्या बातमीने आपल्या जुन्या भीतीला किंवा जुन्या रागाला बरे वाटते, तिच्याविषयी सर्वाधिक सावध राहावे.

दुसरे, अफवा आणि सूचना यांतला भेद ओळखावा. सूचनेला बोलणारा असतो, वेळ असते, ठिकाण असते आणि काय करायचे ते सांगितलेले असते. तहसील कार्यालयाने किंवा जिल्हा प्रशासनाने घर रिकामे करण्यास सांगितले तर ती अफवा म्हणून झटकून टाकणे हाही घातक भ्रम ठरेल. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक घरात लिहिलेला असावा. धूसरपणा दूर झाला की अफवेचे पाणी आटते.

तिसरे, ओळख वाढवावी. निरनिराळ्या समाजांतील माणसे समान दर्जाने, समान उद्दिष्टासाठी, एकमेकांच्या सहकार्याने आणि संस्थांच्या पाठिंब्याने एकत्र आली तर पूर्वग्रह घटतात, असे ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन या विचाराला पुष्टी दिली. आपत्तींचे अभ्यासकही सांगतात की, संकटात सैरावैरा पळणाऱ्यांपेक्षा एकमेकांना हात देणारेच अधिक असतात. पुरानंतर मदत घेऊन जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांच्या युवकांनी हे ध्यानात ठेवावे. केवळ देणारे आणि घेणारे अशी भेट समान दर्जाची नसते. तेथील तरुणांसोबत बसून कामाची आखणी केली तर ती होते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात आठव्या आज्ञेचे विवरण करताना उतावीळ न्यायाचा, म्हणजे पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनातही खरा मानण्याचा, दोषांत समावेश केला आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या जागतिक संपर्क दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच दिला आणि एदेन बागेतील सर्पाच्या कपटापासून या रोगाचा माग काढला. मानसशास्त्र जे प्रयोगाने सांगते आणि धर्म जे आज्ञेने सांगतो, ते येथे एकाच ठिकाणी येऊन मिळते.

चवदार तळ्याच्या काठी त्या दिवशी दोन जमाव होते. एका जमावाने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून काठी उचलली. दुसऱ्याने प्रत्यक्ष मार खाऊनही हात आवरला. रागाचे खरे कारण होते ते दुसऱ्यापाशी. भावना प्रबळ असतानाही विवेक शाबूत राहू शकतो, याचा हा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. पुढच्या वेळी हातातील मोबाईल थरथरेल आणि मन घाबरेल किंवा पेटेल, तेव्हा तो निरोप पुढे जाईल की आपल्यापाशी थांबेल, हे ठरवण्याची मोकळीक देवाने आपल्याला दिली आहे.